दुबार पेरणीची कवळी

म्हातारीला दोन कवळ्या कशाला, असं मला ज्यानं विचारलं नाही असा माणूस आमच्या गावात उरलेला नाही. पानठेल्यावर बसणाऱ्यांनी विचारलं, बचत गटातल्या बायांनी विचारलं, पोटच्या पोरानं तर कोर्टात उभं केल्यासारखं विचारलं. सगळ्यांना माझं उत्तर एकच. तुम्ही पेरणीला बियाणं आणता ते लागेल तेवढंच मोजून आणता का? एखादी थैली कोठीत वेगळी ठेवता की नाही? पाणी दडी मारतं, कोंब जळतात, दुबार पेरणी करावी लागते, हे मी सांगायला पाहिजे का? थैली वेगळी ठेवणाऱ्या शेतकऱ्याला कोणी विसरभोळा म्हणत नाही. मग मलेच काऊन म्हणता?

आता पहिल्यापासून सांगते, म्हणजे कोणाचं चुकलं ते तुम्हीच ठरवा.

मी गिरडच्या टेकडीपासून दोन कोसांवरच्या गावात राहते. पाच एकर काळी जमीन, दोन खोल्या, ओसरी, अंगणात कडुनिंब. सातवीपर्यंत शिकले, मिळेल ते वाचते आणि डोकं तापलं की वहीत लिहिते. मालक गेले त्याला नऊ वर्षं झाली. मुलगा वर्ध्यात नोकरीला, सिंदी मेघेत त्याचा दुसऱ्या माळ्यावर फ्लॅट. मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे, हे आधीच सांगून ठेवते. पण त्या फ्लॅटमध्ये आठ दिवसांच्या वर राहिले की सकाळी उठून करायचं काय तेच मला कळेनासं होतं. दार लावून बसा, टीव्ही पाहा, चहा प्या, पुन्हा टीव्ही पाहा. मुलाचं म्हणणं, "माय, बस झालं आता, चाल आमच्याजवळ." माझं म्हणणं, "हातपाय चालून राह्यले तवरिक नाई." हा वाद आमच्यात पाच-सहा वर्षं चालला होता, आणि दर दिवाळीला तो नव्यानं निघायचा.

दात गेले ते काही माझ्या हलगर्जीपणानं नाही. एकेक करून हलले, दुखले, पडले. उरलेले वर्ध्याला दातांच्या दवाखान्यात काढले. त्यानंतर वर्षभर नुसत्या हिरड्यांवर काढलं. भाकर वरणात कुस्करून खायची, शेंगदाण्याचं कूट करून खायचं, आणि हरभऱ्याच्या घाट्यांकडे नुसतं पाहत बसायचं. त्याहून वाईट म्हणजे बोलणं. कृषी केंद्राचा दुकानदार आधी मला वचकून असायचा, भाव सांगताना दोनदा विचार करायचा. दात गेल्यावर तोच मला म्हणतो, "आजी, सावकाश बोला, समजत नाही." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तेव्हा मी कवळी बसवली. ती घालून पहिल्यांदा आरशात पाहिलं तेव्हा मला रडू आलं. माझं तोंड मला परत मिळालं होतं.

ती पहिली कवळी गिरडच्या टेकडीवर गेली. नात मोठ्या तापातून उठली म्हणून सुनेनं दर्ग्याला नवस बोलला होता, तो फेडायला आम्ही सगळे गेलो होतो. चादर चढवली, नारळ फोडला, झाडाखाली बसून खोबरं खाल्लं. खोबऱ्याचा एक बारीक तुकडा वरच्या कवळीखाली जाऊन बसला आणि असा टोचायला लागला की काय सांगू. मी वरची-खालची दोन्ही काढल्या, रुमालात बांधल्या, रुमाल शेजारच्या दगडावर ठेवला आणि चूळ भरायला वळले. तेवढ्यात एक काळ्या तोंडाचं वांदर आलं आणि रुमाल उचलून झाडावर.

वर बसून त्यानं रुमालाची गाठ सोडली. वरची कवळी हातात घेतली, वास घेतला, उलटी केली, सुलटी केली, मग आपल्या दातांनी माझे दात चावून पाहिले. नात हसून हसून खाली बसली. खोटं कशाला सांगू, मीही हसले. वांदराला काही चव लागली नाही. त्यानं दोन्ही कवळ्या मागच्या काटेरी घळीत फेकल्या आणि रुमाल ठेवून घेतला. तासभर शोधलं, सापडल्या नाहीत.

हसला नाही तो एकटा मुलगा. टेकडी उतरताना मध्येच थांबला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "माय, आज दात गेले. उद्या गॅस चालू ठेवशीन, परवा विहिरीवर पाय घसरंन. तुया लक्षात राह्यत नाई आता."

"वांदरानं नेले, मी नाई हरवले."

"रुमाल दगडावर कोणं ठेवला?"

असं कोणी मला कोंडीत धरलं की माझा राग दुप्पट होतो. तो म्हणाला, "नवीन करून देतो. पण ते बी हरवले तर गाव सोडाचं. काही बोलाचं नाई, गुपचूप आमच्यासंगं याचं."

"हव," मी म्हणाले. "हरवले तर सोडीन. जा."

शब्द तोंडातून निघाला आणि मग मला कळलं मी काय बोलून बसले. तोंडात एक दात नाही आणि मी माझं घर, माझं शेत, माझी ओसरी, सगळं पणाला लावलं होतं. सुनेनं ऐकलं, नातीनं ऐकलं. आमच्या घरात दिलेला शब्द मागे घेत नाहीत. मुलाला हे मीच शिकवलं होतं.

महिनाभरानं दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाई म्हणजे नातीपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी पोरगी, पण हात हलका आणि बोलणं मुद्द्याचं. माप घेताना मला नियम सांगत होती. कवळी रुमालात, कागदात, चिंधीत कधीच गुंडाळायची नाही, कारण गुंडाळलेली वस्तू लोक कचरा समजून फेकतात. तोंडातून निघाली की सरळ डबीत, आणि डबीत पाणी. धुताना खाली पाण्यानं भरलेलं भांडं ठेवायचं, हातातून निसटली तरी फुटत नाही. उकळतं पाणी कधीच टाकायचं नाही, वाकडी होते.

सगळं ऐकून घेतलं आणि मी म्हणाले, "दोन जोड बनवा."

"दोन कशाला, आजी?"

मी तिला दुबार पेरणीचं सांगितलं. ती हसली, पण थट्टेनं नाही. म्हणाली, "खरं म्हणजे सगळ्यांनी असंच करायला पाहिजे, पण कोणी मागत नाही. फक्त एक ध्यानात ठेवा. दुसरी नुसती डबीत पडून राहिली तर काही दिवसांनी बसत नाही, हिरड्या बदलतात. अधूनमधून ती घालावी लागते." मग विचारलं, "आत नाव टाकून देऊ? हरवली तर ओळखता येते."

"गावात माझ्या नावाच्या चार बाया आहेत," मी म्हणाले. "शेताचा गट नंबर टाका."

तिला वाटलं मी गंमत करते. मी काय गंमत करणार? माझं नाव लोक विसरतील, शेताचा नंबर सातबाऱ्यावर आहे. तिनं तो बारीक अक्षरात वरच्या टाळूच्या गुलाबी भागात बसवून दिला. दुसऱ्या जोडावर तोच नंबर आणि पुढे दोनचा आकडा.

मुलगा तेव्हा बाहेर बाकावर बसून फोनवर बोलत होता. दुसऱ्या जोडाचं मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाला असता, पाहा, हिला आत्ताच माहीत आहे की ही हरवणार. दुसरा जोड आणायला मी नंतर एकटी एसटीनं गेले.

गावात ही गोष्ट एकटीला माहीत होती, माझ्या मैत्रिणीला. ती घरामागच्या गोंड वस्तीत राहते. घरी ती लेकीसुनांशी गोंडी बोलते, माझ्याशी बोलायचं तर आमच्यासारखंच, पण जास्त तिखट. चाळीस वर्षं आम्ही दोघी शेजारशेजारच्या तासात, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळीत, कापूस वेचतो. तिच्या तोंडात तिचे स्वतःचे चार दात आहेत आणि त्या चार दातांचा तिला भारी गर्व. मला म्हणाली, "अवं, माये चार हायेत तरी मी जेवतो. तुये छप्पन कशाले पायजेत?"

"छप्पन कसे?"

"एका जोडात अठ्ठावीस. मी मोजले."

मीही नंतर मोजले. अठ्ठावीसच होते. एवढे दिवस मी बत्तीस समजत होते.

दीड वर्ष मी नियमात राहिले. डबीला दोरी बांधून ती गळ्यात घातली. दुसरा जोड स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीमागे स्टीलच्या डब्यात, रोज सकाळी त्याचं पाणी बदलायचं, दर सोमवारी तो घालायचा. मुलगा आला की विचारायचा, "दात हायेत ना?" मी दात दाखवायचे. त्याला ते आवडायचं नाही, पण बोलणार काय?

आणि मग गेल्या हंगामात मी माती खाल्ली.

दुसरी वेचणी चालू होती. कापूस वेचायला कमरेला ओटी बांधतात, म्हणजे एक मोठं फडकं, त्याची झोळी करून वेचलेला कापूस त्यात टाकत जायचं. दिवसभर वाकून वेचताना वरची कवळी खाली सरकते आणि गळ्यातली डबी पऱ्हाटीच्या फांद्यांत अडकते. त्या दिवशी मी डबी घरीच ठेवून गेले. चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही. दुपारी कवळी फारच त्रास द्यायला लागली. बांधावर, त्याला आम्ही धुरा म्हणतो, मालकांच्या जुन्या धोतराची एक चिंधी पडली होती, पाण्याच्या गुंडीला गुंडाळायची. मी दोन्ही कवळ्या त्या चिंधीत बांधल्या आणि ओटीच्या कोपऱ्यात खोचल्या. हे तास झालं की घालते, असं म्हटलं. डॉक्टरबाईनं जे करू नका म्हणून सांगितलं होतं, नेमकं तेच केलं.

ओटी भरली, धुऱ्यावरच्या ढिगात रिकामी केली. पुन्हा भरली, पुन्हा रिकामी केली. बोलण्याच्या नादात किती वेळा ते कोणी मोजलं? संध्याकाळी कापसाची गाठोडी घरी आली, समोरच्या खोलीत कापूस ओतला, आधीच्या वेचणीचा ढीग छातीएवढा होता तो डोक्याएवढा झाला. हात धुतले, भाकर समोर घेतली आणि तोंड उघडलं तेव्हा मला कळलं.

चिंता दातांची नाही, दात काय, दुसरे बरणीमागे होते. टेकडीवरचा तो शब्द कानात वाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी आणि मैत्रीण त्या ढिगात शिरलो. पांढऱ्या कापसात पांढरी चिंधी, आणि चिंधीत पांढरे दात. मुठी मुठीनं कापूस या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेला. नाकातोंडात तंतू, केसात तंतू. मैत्रीण मध्येच थांबून म्हणाली, "आपण कापूस पुन्हा एकदा वेचून राह्यलो, अन मजुरी कोणीच देत नाई." मला हसू आलं नाही. दोन दिवस शोधलं. शेतातही तासन् तास पाहिलं. नाही म्हणजे नाही.

रविवारी मुलगा गाडी घेऊन येणार होता, कापूस हिंगणघाटला न्यायला.

"सांगून टाक त्याले," मैत्रीण म्हणाली.

"काय सांगू? माया तोंडात दात हायेत. पाय." आणि मी तिच्यासमोर भाजलेले हरभरे कडाकडा चावले. खरं तर मी घाबरलेली होते. पण घाबरलेय असं कबूल करायला मी कोणाच्या बापाला बांधलेली नव्हते.

रविवारी मुलगा आला. मी त्याला मुद्दाम ज्वारीची कडक भाकर आणि भरल्या वांग्याची भाजी वाढली, आणि त्याच्यासमोर बसून जेवले. त्यानं माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. गाडी भरली. कापूस दाबायला दोघं जण त्यात नाचत होते, आणि त्यांच्या प्रत्येक उडीला मी खाली काही कडकन मोडतं का ते ऐकत होते. निघताना मी पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसले. मुलगा म्हणाला, "तू कायले येतं? थकून जाशीन."

"माया कापूस हाय," मी म्हणाले.

हिंगणघाटला जिनिंग कारखान्याच्या आवारात गाड्यांची रांग होती. तिथं एक ग्रेडर असतो, तो कापूस पाहून दर्जा ठरवतो. उंच, तापट माणूस, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. आमच्या गाडीजवळ आला, कोपरापर्यंत हात कापसात घातला आणि मूठ बाहेर काढली. ठीक. दुसरीकडून घातला. ठीक. तिसऱ्यांदा हात बाहेर आला तो चिंधीची पुरचुंडी घेऊनच.

"ये क्या है? कापसात चिंध्या भरून आणता काय तुम्ही लोकं?" तो ओरडला आणि सगळ्यांना दाखवायला म्हणून त्यानं तिथंच ती सोडली.

मग तो जो मागे सरला! "अरे बाप्पा! यात तर माणसाचा जबडा हाय!"

आजूबाजूच्या गाड्यांवरची माणसं उतरून आली. कोणी म्हणालं, मुडदा आहे का पाहा खाली. कोणी म्हणालं, कोणाचा माल हा? मुलगा पुढे झाला. त्यानं वरची कवळी हातात घेतली, उलटी केली आणि टाळूतला नंबर वाचला. तो नंबर त्याला पाठ आहे, लहानपणी मीच पाठ करून घेतला होता. त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. मी गाडीच्या दारात उभी, तोंड मिटून.

"माय," तो म्हणाला, "तोंड उघड बरं."

सगळं आवार पाहत होतं. मी तोंड उघडलं. अठ्ठावीस दात जागच्या जागी. पोराचा चेहरा असा झाला की दुसऱ्या कुठल्या दिवशी मी खूप हसले असते.

"मंग हे कोणाचे?"

एक खोटं जिभेवर आलं होतं. म्हणावं, तो जादाचा जोड होता, मीच कापसात जपून ठेवला होता. पण खोटं बोलून गावात राहायचं तर ते राहणं कसलं? मी खाली उतरले.

"माये. हरवले होते. तीन दिवस झाले. वेचता वेचता माया हातानं चिंधीत बांधले अन हरवले. हे तोंडातले दुसरे. दवाखान्यातून तवाच करून आणले होते, तुले सांगतलं नाई."

तो हळू आवाजात म्हणाला, "माय, बोली झाली होती."

"हव, झाली होती. गिरडच्या टेकडीवर मी जबान देल्ली होती, मुकरत नाई. याच गाडीत बसव अन ने मले सिंदी मेघेले. पण आधी आयक. तुया मोबाइल दोन सालात दोनदा हरवला. तुले कोणी नोकरी सोडून गावात आणून बसवलं का? चाबी आत ठेवून तुमी फ्लॅटचं दार लावलं, कुलूप तोडा लागलं. तवा कोणी म्हणलं का, यायले आता एकटं ठेवू नका म्हणून? तुमी हरवलं तर घाई होती. मी हरवलं तर वय झालं. असं काऊन?"

ग्रेडर खर्रा चघळायचं विसरला होता.

"मी दात काम करता करता हरवले. दार लावून बसली असती तर दात डबीत राह्यले असते, अन मी बी डबीतच राह्यली असती. तीन दिवस मी जेवली, बोलली, गाडी भरली. तुया समोर भाकर खाल्ली. तुले कळलं का? नाई कळलं. मंग हे तीन दिवस मी कोणाच्या भरवशावर होती, ते सांग."

माझा आवाज फाटला होता, पण एक अक्षर अडखळलं नाही. दातांचं काम दातांनी चोख केलं.

आमच्या गाडीचा ड्रायव्हर इतका वेळ टायरला टेकून उभा होता. तो म्हणाला, "माय बरोबर म्हणून राह्यली, साहेब. स्टेपनी नसली तर मी गाडी गावाबाहेर काढत नाई. अन टायर फुटलं म्हणून कोणी माया हातातून गाडी काढून घेत नाई."

माणसं हसली. मुलगा हसला नाही. त्यानं दोन्ही कवळ्या आपल्या धुतलेल्या रुमालात ठेवल्या, आणि मी म्हटलं, "रुमालात नको." त्यानं त्या काढून हातातच धरल्या. ग्रेडरनं चौथ्यांदा कापसात हात घातला, या वेळी जरा जपून, आणि माल पास केला.

गाडी रिकामी झाली. परत निघालो तेव्हा मी मध्ये, मुलगा खिडकीशी, दोन्ही हातांच्या ओंजळीत माझे दात. आवाराबाहेर मोठा रस्ता लागला तिथं ड्रायव्हरनं गाडी हळू केली. एका बाजूला वर्धा, दुसऱ्या बाजूला समुद्रपुरावरून आमचं गाव.

"कोणीकडं घेऊ, साहेब?"

मुलानं ओंजळीतल्या दातांकडे पाहिलं. मागून एका ट्रकनं हॉर्न दिला, पुन्हा दिला. मी जबान दिली होती, म्हणून मी बोलणार नव्हते. पण मनात मी ओसरीवरच्या एकेका वस्तूला हात लावून घेत होते.

"गावाकडं घे," तो म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं चुलीवर पाणी ठेवलं. म्हणाला, "गाडीतली धूळ, कोणाचे पाय, उकळत्या पाण्यात टाकतो."

"उकळत्या पाण्यात वाकडी होते," मी म्हणाले. थाळीत गार पाणी घेतलं, ब्रशला साबण लावला आणि त्याच्यासमोर सगळं धुतलं. तो बाजेवर बसून पाहत होता. मग एकदम म्हणाला, "माय, मले भेव वाटते. तू इथं पडली अन मले सकाळी कळलं, तर मी काय करू?"

इतक्या वर्षांत हे तो असं सरळ पहिल्यांदा बोलला. लक्षात राहत नाही, वय झालं, लोक काय म्हणतील, हे सगळं बोलून झालं होतं. भीती वाटते एवढंच राहिलं होतं. त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला आणि मी तो फिरवला. पण राहायचं ते गावातच, हे काही बदललं नाही.

धुतलेला जोड डबीत ठेवला, पाणी भरलं, झाकण लावलं आणि डबी त्याच्या हातात दिली.

"हे काय?"

"तुले माय न्याची होती ना सिंदी मेघेले? ने. अठ्ठावीस दात हायेत. बियाणं सारं एका कोठीत ठेवत नसते. आग लागली तर दोन्ही जातीन. हा जोड तुया घरी. डॉक्टरबाई म्हणते, पडून राह्यला तर बसत नाई, म्हणून महिन्यातून एकदा येऊन मले घालाच लागंन. दोन दिवस राहीन. बाकीची मी इथंच."

त्यानं डबी उजेडाकडे धरली, हलवून पाहिली, आणि पिशवीत उभी ठेवली, पाणी सांडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी टॉवेल लावून.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. मी अंगण झाडत होते.

"माय, पाणी रोज बदलाचं का?"

"रोज."

"तुया सुनेनं डबी बेसिनजवळून हलवली होती. मी घाबरलो. कपाटात सापडली."

"नीट ठेवजो," मी म्हणाले. "हरवली तर तुले गावात आणून ठेवीन."